बेडकीची रिकामी ओळ

मावशीनं बटण दाबलं, खुर्ची मागं ढकलली आणि जाऊन खिडकीशी उभी राहिली.

"गेलं," म्हणाली.

मी दारात. अंगावरून पाणी गळतंय, हातात कुणीतरी विसरलेला पोहायचा चष्मा. खाली सकाळची बॅच संपत आली होती आणि पोरं कानठळ्या बसतील असं ओरडत होती.

"आज काय बदललंस?" मी विचारलं.

"मदतीच्या पानावरचा एक शब्द."

"कुठला?"

"'कृपया' काढलं."

"का? आता लोकांना हुकूम सोडायचेत?"

"तू आधी मागं हो. जमिनीवर पाणी गाळू नकोस, खाली वायरी आहेत माझ्या."

एवढं बोलून पुन्हा खिडकीकडे. आता पुढचे चार तास तिचं कशातच लक्ष लागणार नव्हतं हे मला माहीत होतं. कुणी काही विचारलं तर उत्तर देणार, चहा पिणार, फोन घेणार, पण कान तिकडंच. मी तिला असं किती वेळा बघितलंय त्याची गणतीच नाही.

मावशी पोहण्याच्या तलावावर कामाला होती. मीही तिथंच, पण पाण्यात. शाळा मी दहावीच्या आधीच सोडली, आणि पाण्याला घाबरणाऱ्या मोठ्या माणसांना हातपाय मारायला शिकवते. मावशी वरच्या खोलीत. त्या खोलीत पूर्वी फुटके फ्लोट आणि दोऱ्या टाकायचे. एक खिडकी, ती थेट पाण्यावर उघडते. क्लोरीनमुळे तिथं सगळं गंजतं. पंख्याचे स्क्रू गंजतात, कपाटाची कडी गंजते, दीड वर्षात कीबोर्डची बटणं अडकायला लागतात. तिच्या टेबलाखाली दोन विटांवर एक कॉम्प्युटर ठेवलेला. विटा का, तर एकदा पाइप फुटून खोलीत घोट्याएवढं पाणी झालं होतं. त्या कॉम्प्युटरवर तलावाची साईट चालायची. कुणाला कुठली लेन, किती वाजता, किती वेळ, सगळं त्यावर. कागदोपत्री मावशी कार्यालय सहाय्यक. साईट तिनं एकटीनं लिहिली आहे हे तलावावरच्या निम्म्या लोकांना माहीतच नव्हतं. त्यांना वाटायचं ती कुठूनतरी येते, नळाला पाणी येतं तशी.

ती साईट पर्लमध्ये लिहिलेली. पर्ल ही कॉम्प्युटरची एक भाषा, जुनी. ती मेली असं लोक दर वर्षी सांगतात. मावशीसमोर कुणी तसं म्हणालं की ती म्हणायची, "असं? मग आज सकाळपासून तीनशे माणसं आपापल्या वेळेला पाण्यात उतरली, ती काय माझ्या अंगात आलं म्हणून?"

या पर्लवाल्यांची एक रीत आहे, ती आधी सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. त्यांचं जगभराचं मिळून एक मोठं फडताळ आहे, इंटरनेटवर. कुणी एखादं उपयोगाचं काम लिहिलं की ते तिथं ठेवायचं, ज्याला पाहिजे त्यानं न्यायचं. अशा तुकड्याला मोड्यूल म्हणतात. मावशीचं एक मोड्यूल तिथं होतं. त्याचं काम एकच, पुढची रिकामी वेळ शोधून देणं. तलावासाठी लिहिलेलं, पण कुठला कुठला दवाखाना, कुठलं टेनिसचं मैदान, असे लोक ते वापरायचे.

आणि खरी गंमत पुढं आहे. तुम्ही फडताळावर नवीन व्हर्जन ठेवलं, की जगभरातल्या कुणाकुणाची मशीनं ते आपणहून उचलतात, चालवून बघतात आणि तुम्हाला कळवतात. पास किंवा फेल. खाली मशीन चालवणाऱ्याचं नाव. हे लोक यासाठी काही घेत नाहीत. आपल्या घरी, ऑफिसात, कोपऱ्यात एक जुनं मशीन ठेवून देतात आणि ते रात्रंदिवस दुसऱ्यांची कामं तपासत बसतं. मला पहिल्यांदा हे सांगितलं तेव्हा मी म्हणाले, "यांना दुसरे उद्योग नाहीत का?" मावशी म्हणाली, "तू शिट्टी गळ्यात अडकवून परक्या माणसांना बुडण्यापासून वाचवतेस. तुला तरी कुठं आहेत?"

तर मावशीनं काही नवीन ठेवलं की अर्ध्या तासात पास, पास, पास असे निरोप यायचे. कुठल्या कुठल्या देशांतून. ते ती बघायचीसुद्धा नाही. तिला एकच निरोप पाहिजे असायचा. सगळ्यांत शेवटी यायचा, चार तासांनी, कारण ते मशीन फार जुनं आणि हळू. खाली नाव असायचं, कासव.

तो आला की ती पुन्हा माणसात यायची.

आता कासवाचं. तिनं मला सलग कधीच सांगितलं नाही, तुकडे तुकडे मिळाले ते मी जोडलेत.

पर्लवाल्यांचा वर्षातून एकदा मेळावा होतो. तिथं पाच पाच मिनिटांची भाषणं असतात. पाच मिनिटं संपली की पितळेची एक थोरली घंटा वाजवतात आणि बोलणाऱ्यानं अर्ध्या वाक्यात गप्प व्हायचं. घंटेवर एक माणूस असायचा, फार कडक. कुणाला एक सेकंद जास्त द्यायचा नाही. मावशी पहिल्यांदाच गेली होती, तलावाच्या लेन लोकांना कशा वाटून देते ते सांगत होती. पाच मिनिटं झाली. घंटा वाजलीच नाही. सहावं मिनिट संपत आलं तेव्हा वाजली. मागून लोक ओरडायला लागले, "ए, आम्हाला का नाही?" तो म्हणाला, "हात दुखत होता."

तो कासव. टाईप करताना एका बोटानं करायचा म्हणून कासव. तो राहायचा दूर, ट्रेननं दीड दिवस. पण या लोकांचं एक गप्पांचं चॅनेल आहे, नुसत्या अक्षरांचं, ना फोटो ना आवाज. तिथं पुढची सहा वर्षं ही दोघं रोज बोलत होती. कामाचं, आणि मग कामाचं नसलेलंही. तलावावर काम करते म्हणून त्यानं तिचं नाव बेडकी ठेवलं. हिला पोहता येत नाही, पाण्यात पाय टाकायलाही ती घाबरते, हे तिनं त्याला कधी सांगितलंच नाही.

मग एकदा त्यानं लिहिलं, "आमच्या ऑफिसात जागा निघालीय. टेबलं दोन आहेत. येशील का?"

त्याच महिन्यात माझी आई गेली होती. मी सात वर्षांची, दप्तर आणि एक पिशवी घेऊन मावशीच्या घरी आले होते. मी तेव्हा रोज रात्री तिच्या हाताला धरून झोपायचे, सोडायचेच नाही. तिनं त्याला लिहिलं, "आत्ता नाही."

त्यानं लिहिलं, "बरं."

आणि तो परत आला नाही. त्या चॅनेलवर एक यंत्र आहे, त्याला विचारलं की अमुक माणूस शेवटचा कधी दिसला, तर ते तारीख सांगतं आणि त्याचं शेवटचं बोलणं सांगतं. मावशी विचारायची. यंत्र सांगायचं, कासव शेवटचं म्हणाला ते, बरं. बारा वर्षं तेच.

ईमेलवर पत्रं पाठवली, उत्तर नाही. माणूस गप्प झाला, पण मशीन चालूच होतं. तिला ते कळलं तीन महिन्यांनी. तिनं मोड्यूलमध्ये काहीतरी खरंखुरं दुरुस्त केलं, १.११, आणि चार तासांनी निरोप आला, पास, कासव. ती म्हणते, तिनं तो निरोप छापून घेतला. आणि दुसऱ्याच आठवड्यात तिनं आयुष्यात पहिल्यांदा विनाकारण नवीन व्हर्जन ठेवलं. १.१२. त्यात बदल काय, तर फाईलमध्ये एक रिकामी ओळ जास्त. बाकी काही नाही. चार तास खिडकीशी उभी. पास, कासव.

मग तेच सुरू झालं. दर दोन-तीन महिन्यांनी. एक शब्द काढायचा, एक ओळ खाली सरकवायची.

मंडळातल्यांना हे समजत नव्हतं असं नाही. मंडळ म्हणजे आमच्या गावातले पर्लवाले, सात जण. दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी संध्याकाळी छापखान्याच्या मागच्या खोलीत जमायचे. कागदाचे गठ्ठे, शाईचा वास, त्यातच खुर्च्या. छापखान्याचे मालक म्हणजे प्रेसकाका, मग एक दातांच्या डॉक्टरबाई, एक हवामान खात्यातला, आणि आणखी तिघं जण जे बिस्किटं संपेपर्यंत बोलायचे नाहीत. मी मावशीला न्यायला जायचे आणि बसायचे, कारण तिथली एक पद्धत मला फार आवडायची. सुरुवातीला प्रत्येकानं सांगायचं, या महिन्यात मी काय मोडलं. काय केलं ते नाही, काय मोडलं. ज्यानं सगळ्यांत जास्त मोडलं त्याला पंख्याखालची खुर्ची.

डॉक्टरबाई म्हणायच्या, "मी साडेनऊशे पेशंटना एकाच सकाळी वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवल्या."

हवामानवाला म्हणायचा, "ते काहीच नाही. मी परवा साईटवर तीन तास बर्फ पाडला."

"कुणी फोन केला?"

"एकानं. म्हणाला, कुठं मिळेल?"

मावशीची पाळी आली की प्रेसकाका आधीच बोलायचे, "हिचं विचारू नका. ही गेली दहा वर्षं रिकाम्या ओळी विकतेय."

"तुमच्यासारखे कोरे कागद तर विकत नाही," मावशी म्हणायची, आणि सगळे हसायचे. पण तेवढंच. त्यापुढं कुणी जायचं नाही. चांगली माणसं होती ती.

आणि मग तो मंगळवार. 'कृपया' काढलं तो. चार तास झाले, मी दुपारची बॅच संपवून वर गेले तर मावशी पडद्याला नाक लावून बसलेली.

"आला का?"

"आला."

"मग असं तोंड का?"

"फेल म्हणतोय."

मला वाटलं मस्करी करतेय. बाकी साठ मशीनं पास म्हणत होती. एकटा कासव फेल. तिनं मोड्यूल पुन्हा ठेवलं, काही न बदलता नुसता आकडा वाढवून. पुन्हा चार तास. पुन्हा फेल. मला एक गोष्ट सांगायला लाज वाटते, पण खरं आहे, की ती पहिल्या दिवशी खूष होती. डोळे चमकत होते तिचे. बारा वर्षं एकच शब्द ऐकल्यावर दुसरा ऐकू आला तर माणूस असंच करणार. तिला वाटलं तो काहीतरी सांगतोय.

रात्रीपर्यंत तिनं त्या निरोपाचा कीस पाडला. त्यात मशीनची सगळी कुंडली असते. सकाळी मला म्हणाली, "त्याच्या मशीनवर तारीख चुकलीय. वीस वर्षांपूर्वीचा पहिला जानेवारी आहे तिथं." तिच्या मोड्यूलची एक चाचणी अशी होती की आजची तारीख मोड्यूल लिहिल्यानंतरची आहे ना ते बघायचं. ते मशीन म्हणत होतं, नाही, तू अजून लिहिलेलंच नाहीस.

"मग?"

"आत एक गोल सेल असतो, बटणाएवढा. तो संपला आणि मध्ये वीज गेली, की घड्याळ मागं जातं."

"मग त्यानं सेल बदलायचा ना."

ती पुन्हा तो निरोप वाचायला लागली. तेव्हा मला उशिरानं लक्षात आलं. तो मशीनसमोर बसत असता तर त्याला दिसलं असतं. मशीन एकटंच होतं.

गुरुवारी तिची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "मी काही मोडलं नाही. कासवाचं मशीन फेल म्हणतंय." डॉक्टरबाईंनी विचारलं, "हल्ली कॉम्प्युटर आपलं घड्याळ आपण लावून घेतात ना?" प्रेसकाका म्हणाले, "मशीन जुनं. ती सोय कुणी लावलीच नसेल." मग मावशीकडे न बघता म्हणाले, "एक सांगू का? एका मशीनसाठी कोड वाकवायचा नसतो. सोड आता."

"कोण वाकवतंय?"

"तू. मला माहीत आहेस तू."

आणि त्यांचं बरोबर होतं. घरी आल्यावर ती बसली आणि तिनं ती चाचणीच उडवली. तारीख चुकीची असली तर विचारायचंच नाही, सरळ पास म्हणायचं. मी भांडी आवरत होते. मी म्हणाले, "म्हणजे ताप दिसू नये म्हणून थर्मामीटर फोडायचा."

"तुला काय कळतंय गं त्यातलं?"

"एवढं कळतं की तुला त्याचा पास नकोय. तुला तो पाहिजे."

असं बोलायला नको होतं बहुतेक. मी बोलते. ती उठून आत गेली. मला वाटलं रडेल. पाच मिनिटांनी बाहेर आली ती चष्मा पुसत. बसली, उडवलेली चाचणी परत घातली आणि तिच्याखाली लिहायला लागली. मी मागं उभी राहून वाचलं.

तिनं काय केलं ते सांगते, आणि हे या लोकांनाच सुचतं. चाचणी चालते तेव्हा ती पडद्यावर ओळी लिहू शकते. तिनं अशी अट घातली, की मशीनची तारीख वीस वर्षांपूर्वीची असेल तरच एक ओळ लिही आणि पंधरा मिनिटं थांब, म्हणजे ती ओळ पडद्यावर तशीच राहील. जगातली साठ-सत्तर मशीनं ती फाईल चालवणार, पण ती ओळ एकाच मशीनवर उमटणार. ओळ अशी होती:

"कासवा, तुझं घड्याळ मागं पडलंय. आतला गोल सेल बदल. बेडकी."

"हे पत्र आहे," मी म्हणाले.

"ही चाचणी आहे," मावशी म्हणाली.

त्यानंतर दर मंगळवारी ती नवीन व्हर्जन ठेवायची. वेळ अशी धरायची की ते हळू मशीन तिच्या कामापर्यंत येईल तेव्हा तिकडं भर दुपार असेल, ऑफिसात माणसं असतील. कुणीतरी जाता-येता बघेल. चार तासांनी निरोप यायचा. फेल. आणि निरोपात खाली तिचीच ओळ, जशीच्या तशी परत. पत्ता न सापडलेलं पाकीट परत यावं तसं. कासवा, तुझं घड्याळ मागं पडलंय. ती ते वाचायची, दरवेळी पूर्ण वाचायची, जणू मध्ये एखादा शब्द त्यानं घातला असेल.

मी तिला म्हणाले, चल, जाऊ आपण. ट्रेननं दीड दिवस, काय मोठंसं. ती म्हणाली, "कुठं? ऑफिसचं नाव त्यानं कधी सांगितलं नाही, मी विचारलं नाही." सहा वर्षं रोज बोलून ऑफिसचं नाव माहीत नाही! मी कपाळावर हात मारला. ती म्हणाली, "टेबल खिडकीशी आहे हे माहीत होतं. खिडकीबाहेर लिंबाचं झाड आहे. पुरे होतं."

अकरा मंगळवार गेले. बाराव्या मंगळवारी मी खाली एका ढेरपोट्या वकिलांना तरंगायला शिकवत होते आणि वरून खिडकी उघडल्याचा आवाज आला. ती खिडकी गंजून बसलेली, वर्षानुवर्षं कुणी उघडली नव्हती. मावशी अर्धी बाहेर वाकून ओरडली, "ए! पास!"

वकीलसाहेब दचकून बुडाले. त्यांना वाटलं त्यांनाच म्हणाली.

तारीख बरोबर होती. दिवस, महिना, वर्ष, सगळं. कुणीतरी हातानं सेल बदलला होता.

त्या संध्याकाळी तिनं चॅनेलवर यंत्राला विचारलं. यंत्र म्हणालं, बरं. दुसऱ्या दिवशी विचारलं, बरं. तिनं त्याला पत्र पाठवलं, दोन ओळींचं. उत्तर नाही. महिनाभर वाट बघितली आणि मग एक दिवस डबा उघडता उघडता म्हणाली, "तो आहे. त्यानं वाचलं, सेल बदलला. फक्त बोलायचं नाहीये त्याला."

"का पण?"

"मी आत्ता नाही म्हणाले होते ना. आत्ता संपायला फार वेळ लागला."

त्यानंतर तिनं विनाकारण व्हर्जन ठेवणं बंद केलं. खिडकीशी उभी राहणंही. आणि एक दिवस सकाळच्या बॅचला, कपाळापर्यंत टोपी ओढून, काठाला धरून उभी. "शिकव," म्हणाली. बावन्नाव्या वर्षी. मी तिला उथळ लेनमध्ये नेलं. पाठीखाली हात धरला. तिनं माझा दुसरा हात इतका घट्ट धरला की वळ उठले. सात वर्षांची असताना मी तिचा तसाच धरत होते. पंधरा दिवसांनी हात सोडून तरंगली. आकाशाकडे बघत म्हणाली, "नावाप्रमाणे झाले एकदाची." आणि मग, पाण्यातच, "सांगायला पाहिजे होतं त्याला."

मला त्या माणसाचा इतका राग आला, काय सांगू. तरंगणाऱ्या बाईच्या डोळ्यांतून पाणी कानात जात होतं आणि तो कुठंतरी लिंबाच्या झाडाखाली बसून पास पाठवत होता. एक शब्द लिहायला याचं बोट झिजणार होतं का? मी ठरवलं, याला गाठायचं.

मेळाव्यात कुणालाही पाच मिनिटं मिळतात, नाव दिलं की झालं. मी दिलं. मावशीला सांगितलं की प्रेसकाकांना सोबत म्हणून जातेय. ती म्हणाली, "तुला काय बोलायचंय तिथं?" मी म्हणाले, "तलावाबद्दल."

दोनशे माणसं होती. मी तलावाची साईट सांगितली, विटा सांगितल्या, चुकलेलं घड्याळ सांगितलं, एकाच मशीनवर उमटणारी ओळ सांगितली. लोक टाळ्या वाजवत होते. मग मी म्हणाले, "मी बेडकीची भाची. कासव नावाचा जो कुणी इथं बसला असेल, त्यानं बाहेर यावं. मला त्याच्याशी भांडायचंय." तेवढ्यात घंटा वाजली. आता घंटेवर दुसराच कुणीतरी पोरगेला माणूस होता. बरोबर पाच मिनिटांनी वाजवली त्यानं.

मी बाहेर जिन्यापाशी उभी राहिले. प्रेसकाका मागून आले आणि म्हणाले, "अगं, काय हे!" मी म्हणाले, "तुम्ही थांबा हो."

एक बाई आल्या. चाळिशीच्या, गळ्यात नवख्या लोकांना देतात ती हिरवी पट्टी. माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "सेल मी बदलला."

आम्ही जिन्याच्या पायरीवर बसलो.

त्या बियाणं तपासायच्या एका प्रयोगशाळेत स्टोअरकीपर. नवीन ट्यूबलाईट आणायला मागच्या खोलीत गेल्या होत्या. तिथं कोपऱ्यात एक मशीन, काळ्या पडद्यावर अक्षरं धावत असायची, कुणी लक्ष द्यायचं नाही. त्या दिवशी अक्षरं थांबलेली, एकच ओळ. त्यांनी ती वाचली, जेवणाच्या सुट्टीत सेल आणला, इलेक्ट्रिशियनला बोलावून बसवून घेतला, त्याच्याकडूनच तारीख लावून घेतली. आणि मग हे मशीन करतं तरी काय, म्हणून शोधायला लागल्या, शिकायला लागल्या, शिकत शिकत या मेळाव्याला आल्या.

"आणि तो?" मी विचारलं. "तो कुठाय?"

"ते आमच्याकडे होते," बाई म्हणाल्या. "मी लागले त्याच्या आधी. सगळे सांगतात, आजारी होते, कुणाला बोलले नाहीत. काही महिन्यांनी यायचेच बंद झाले. त्याच वर्षी गेले, तेरा वर्षं झाली."

म्हणजे बारा वर्षं. तेरा आता. ते सगळे पास त्या मशीनचे होते, त्याचा एकही नाही. माझं भांडण तिथंच संपलं. प्रेसकाकांनी माझा दंड धरला.

"पण मग तुम्ही बदललात कशाला?" मी म्हणाले. "कुणा कासवाला कुणीतरी सांगतंय, तुम्हाला काय त्याचं? बंद नाही का केलं कुणी इतकी वर्षं?"

"कसं करणार? कागद होता ना," बाई म्हणाल्या, आणि मोबाईलमध्ये फोटो दाखवला. मशीनच्या डोक्यावर चिकटपट्टीनं लावलेला, पिवळा पडलेला कागद. एका बोटानं टाईप करणाऱ्याचं अक्षर मात्र सुरेख होतं. "हे मशीन बंद करू नये. बेडकी वाट बघते."

"आम्हाला वाटायचं कुठल्यातरी प्रयोगातली बेडकी असेल," बाई म्हणाल्या. "बियाण्यांच्या ऑफिसात बेडकी कशाला, हे कुणी विचारलं नाही. घाबरून कुणी हातच लावला नाही. आणि त्या दिवशी पडद्यावरच्या ओळीखाली तेच नाव. माझ्या अंगावर काटा आला. कसं ठेवणार तसंच?" शेवटचे ते ऑफिसला आले ते फक्त तो कागद लावायला, असं त्यांना जुन्या शिपायानं सांगितलं होतं. धरून आणावं लागलं होतं म्हणे.

फोटो मी घेतला. मावशीला फोनवर सांगायची हिंमत झाली नाही. परत आल्यावर, तलावावर ती पाण्यातून बाहेर येऊन टॉवेल गुंडाळून बाकावर बसली तेव्हा सांगितलं, पहिल्यापासून, काही न गाळता. तिनं फोटो हातात घेतला आणि खूप वेळ बघितला. मग ओल्या बोटांनी तो मोठा केला आणि कागदाच्या खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथं पेन्सिलनं बारीक काहीतरी होतं. मी दोन दिवस तो फोटो शंभर वेळा बघितला होता, ते मला दिसलंच नव्हतं. तिच्या पहिल्या रिकाम्या ओळीचा आकडा.

१.१२.